सातवा भाग

रूवीत, हमरियाच्या गल्लीत
परकार टेलरचं शटर
गुरुवारी रात्री दहानंतर अर्धंच खाली येतं.
वाकून आत शिरायचं.
दिशदाशाच्या पांढऱ्या ताग्यांमागे आमचं कपाट,
दोनशे अकरा पुस्तकं,
प्रत्येक कुणाच्या ना कुणाच्या
तीस किलोंत दाटीवाटीने बसून आलेलं.

पहिली कुरापत घोलपांची.
पाण्याचा टँकर चालवतात, म्हणून असेल,
"त्या 'सात बुरुज'मध्ये सगळे घोड्यावरून हिंडतात,
घोड्याला पाणी कोण पाजतं?
सहा भागांत एकदा तरी लिहिलंय?"
त्यांना हेर बिनीवालेच पटतो.
बावीस भाग, प्रत्येकात एक प्रेत,
आणि शंभराव्या पानाच्या आत
बिनीवाले निदान एकदा पोटभर जेवतो.

बॉस्को तुस्कानो, वसईचा, क्रेनवर असतो,
शेवटचं पान आधी वाचतो.
"मला वरून बघायची सवय.
खुनी कळला, की मग तो सकाळी
भाजीवाल्याशी कशी घासाघीस करतो
ते बघण्यात खरी मजा."
हे पाप आहे, असं आमचं मत.
केळसकर वहिनी म्हणतात, पाप कसलं,
फुकट गेलेले बैसे.
वहिनींना प्रेत चालत नाही, राक्षस चालतो.
राक्षस निदान समोरून येतो.

मी बिनीवालेच्या बाजूची.
वॉर्डात रक्त सांडलं की आम्ही पुसतो, फॉर्म भरतो.
तो खाली बसतो, डागाकडे बघतो
आणि विचारतो, असं का झालं.

मुनाफभाई हे सगळं ऐकतात
तोंडात सुई धरून.
मग सुई काढतात. सगळे गप्प.
सात बुरुज, प्रत्येकात एक वारा कोंडलेला.
सहा भाग कपाटात आहेत.
सातवा फक्त त्यांनी वाचलाय,
दापोलीला, सुट्टीत, एका बैठकीत.
"विमानतळावर वजन दीड किलो जास्त झालं.
पुस्तक काढलं, आमसुलं ठेवली.
आईने दिलेली होती, काय करणार?"

म्हणून ते सांगतात, काजं करता करता.
मार्चमध्ये आंधळी राजकन्या
शेवटच्या बुरुजावरून पडली.
जूनमध्ये, बाहेर अठ्ठेचाळीस अंश, एसी बंद पडलेला,
तिनेच दार उघडलं
आणि दर्यावरून असा गार वारा सुटला
की घोलपांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.
बॉस्कोच्या साइटवरचा मुलगा गेला त्या आठवड्यात
वाऱ्याने तिच्या भावाला परत आणलं,
थोड्या वेळासाठी,
एका जेवणापुरतं.

कुणी काही बोललं नाही.
मी तारखा टिपत होते.

ऑगस्टमध्ये सुट्टी. चिपळूण, एस.टी. स्टँडसमोर
जुन्या पुस्तकांचा गाडा.
"सात बुरुज? सातवा?
ताई, तो निघालाच नाही.
सहाव्यानंतर प्रकाशकाने गाशा गुंडाळला,
आता फटाके विकतो."
मी तिथेच उभी राहिले, सुटे पैसे हातात.
गुन्हा उघडकीला आला होता.
बिनीवाले असता तर आता
सगळ्यांना एका खोलीत जमवून
हळूहळू येरझाऱ्या घातल्या असत्या.

गुरुवार. अर्धं शटर. सगळे एका खोलीत.
वहिनींनी माझी पिशवी आधीच चाचपली.
"मिळाला का गं सातवा?"
मशीन थांबलं.
मुनाफभाईंनी वर पाहिलं नाही,
दाताने दोरा तोडला, तो तुटेना.

"मिळाला होता," मी म्हटलं,
"वजन जास्त झालं."

घोलप हळहळले. बॉस्कोने शिवी हासडली.
बऱ्याच वेळाने मशीनमागून आवाज,
"मग ठेवलंस काय?"

"आमसुलं."

"हं," म्हणाले, आणि सुई काढली तोंडातून.
"तर घोलप, त्या घोड्याचं.
सातव्या बुरुजाखाली एक विहीर असते..."