कुंभ क्रमांक एकोणीस

येरवड्याच्या आमच्या खोलीत हाडं वरच्या फळीवर,
खापरं जमिनीलगत. खापरं जड असतात.
केळ्यांच्या क्रेटमध्ये कापडी पिशव्या,
पिशवीवर तारीख, खड्डा, थर,
आणि कुणाच्या तरी ओल्या अंगठ्याचा ठसा,
जो नोंदीत नाही.

सव्वीस वर्षं मी मडकी काढतेय. म्हणजे कागदावर.
नियम साधा आहे: मधोमध एक उभी रेघ,
उजवीकडे मडकं बाहेरून दिसतं तसं,
डावीकडे कापून. काठ किती जाड, पोट कुठं सुटलं.
हाड असेल तर ठिपके. राख असेल तर तिरक्या रेघा.
नुसती पोकळी असेल तर
काही नाही.

शिरूरच्या पुढं, घोड नदीच्या काठी
काळीच्या मधोमध ती पांढर.
गावाला एवढंच ठाऊक, की टेकाडावर भुईमूग धरत नाही.
डॉक्टर उकिडव्यांनी चौकोन आखले, दोऱ्या ताणल्या.
हातभर खाली घराची जमीन लागली,
सारवणाचे पापुद्रे एकावर एक,
आणि त्याखाली, चुलीपासून दोन पावलांवर,
आडवे निजलेले कुंभ,
तोंडाला तोंड लावून.
आत मुलं. दात आलेली, दात यायची.
कुणी त्यांना वेशीबाहेर नेलं नव्हतं.

अहवालात याला दफनांचा पुरावा म्हणतात.
पुरावा हा शब्द मला कोर्टातला वाटतो,
जणू कुणी नाकारलं होतं
की ती गेली.

एकोणिसावी जोडी सगळ्यांत नेटकी.
खाली खडे लावून बसवलेली, सांधा चिखलानं लिंपलेला,
शेजारी एक वाटी, एवढीशी.
ठकूबाई गव्हाणे कुंचल्यानं माती झाडत होती
(खुरपं तिचं घरचं. खात्याच्या खुरप्याला
धार आहे पण अक्कल नाही, म्हणायची).
सांधा उघडला. आत नदीची बारीक रेती.
चाळली. परत चाळली. मग पाण्यात कालवून पाहिली.
एक दात नाही. नखाएवढं हाड नाही.

डॉक्टर म्हणाले, साठवणीचं असेल, दाणे उंदरांनी नेले.
एक विद्यार्थी म्हणाला, हाडं विरली असतील.
पण शेजारी अठरामध्ये नव्हती विरली,
बरगड्या होत्या, कंगव्याच्या दात्यांसारख्या.

ठकूबाई पदरानं मान पुसत म्हणाली,
"मोकळंच पुरलंय ते. गावलं नसंल लेकरू.
पुरात गेलेलं नदी देती व्हय परत?"
मग पाटी उचलून राडारोड्याकडं चालू लागली.
तिनं पुढं काही सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.

फॉर्मात तिच्या बोलण्याला रकाना नाही.
रंग आहे, भाजणी आहे, काठाचा व्यास आहे.
'आतील वस्तू' यापुढं कुणीतरी आडवी रेघ मारलीय,
सरळ, एका दमात.

परवा रात्री नगर रस्ता तुंबलेला,
म्हणून बसूनच राहिले, शेवटच्या प्लेटवर शाई फिरवत.
दोन कुंभ, प्रमाण चारास एक.
चहा गार. ट्यूबलाइटला किडे.
डावीकडची पोकळी नियमानं कोरी सोडायची.
निब सुकत आलं होतं
आणि मी एक ठिपका दिला.
एकच. मुद्दाम की हातून, आता सांगता येणार नाही.

आज छापखान्यातून फोन.
"मॅडम, प्लेट बावीस. मडक्याच्या आत डाग आलाय.
धूळ दिसतेय. काढून टाकू?"
मागं यंत्राची धडधड.
मी मनात हिशेब करत होते,
चारास एक, म्हणजे खरा चौपट,
ज्वारीच्या दाण्याएवढा,
दुधाच्या दाताहून जरा लहान.

"हॅलो? मॅडम?
काढू ना?"