कूलरमधलं मीठ

मिल बंद झाली त्या उन्हाळ्यात
हिशोबाच्या पैशातून बाबांनी काढली
समुद्राची चार तिकिटं.
आई म्हणाली, कूलरची टाकी गळते,
टाट्या बदलायच्या आहेत.
बाबा म्हणाले, येऊन बदलू नं.

रेवदंड्याच्या धक्क्यावर
अख्खं गाव दुपारचं झोपलं असताना
आम्ही चौघं पाय सोडून बसलो.
बाबांनी पिशवीतून कांडी काढली,
मिलमधली, चाळीस नंबरचं सूत भरलेली.
तीस वर्षांत तेवढीच एक वस्तू
त्यांनी न विचारता आणली होती तिथून.

हरेश्वर नावाच्या एका पोराने
सुताला बांगड्याचं मुंडकं बांधून दिलं.
आन् गळ? बाबांनी विचारलं.
नाय लागत, तो बोलला.
चिंबोरीच पकडते. आपण नुसती वर घ्यायची, हलू हलू.
आम्ही केकडा म्हटलं की तो हसायचा.
रेणू मग मुद्दाम म्हणायची.

बाबांची बोटं:
चालत्या मागावर तुटलेला धागा
न बघता सापडायचा त्यांना.
सूत हलायच्या आधीच म्हणायचे, आला.
आणि यायचा.
हवेत लोंबकळत, आठही पाय झाडत,
पण मुंडकं काही सोडायचा नाही.
आईने पदर तोंडाला लावला होता,
तरी मोजत तीच होती. अकरा.

दहा हरेश्वरच्या टोपलीत गेले.
अकरावा एका नांगीचा, रेणूच्या मुठीएवढा,
दुधाच्या किटलीतून निघाला नागपूरला.
भुसावळला किटलीतलं पाणी हिंदकळून अर्धं झालं.
अकोल्याला काकडीवाल्याकडून
बाबांनी मिठाची पुडी मागून घेतली.
काकडी नाही घेतली. तो बघतच राहिला.

तांडापेठेत सेहेचाळीस डिग्री.
बादलीतलं पाणी चहा करण्याजोगं.
घरात थंड जागा एकच, कूलरची टाकी.
बाबांनी तिच्यात किलोभर खडेमीठ ओतलं,
आईकडे न बघता.

त्या रात्री पंप सुरू झाला
आणि वाळ्याच्या वासामागून
दुसरंच काहीतरी आलं खोलीत.
ओठ चाटले तर खारट.
पत्र्यावर कट् कट्,
मग बराच वेळ काही नाही,
मग कट्.
बाबा जागे होते. पंख्याकडे तोंड करून,
पाय खाटेवरून खाली सोडून.

सकाळी निमजेकाकू दारात.
काहून जी, रातभर सुकट शिजवत होते का तुमी?
आई म्हणाली, नाई बा, मिलचे पैसे शिजवून रायलो.
आणि दोघी हसत सुटल्या, आई जास्त वेळ.

नवव्या दिवशी पंप अडकला.
बाबांनी बाजूची टाटी उतरवली.
तळाशी कवच होतं, पुरं, पायांसकट,
आत कोणी नाही.
मेला, मी म्हटलं.
रेणू म्हणाली, कपडे बदलून गेला.
टाकी उपसली, मोरी बघितली, कुंड्या हलवल्या.
बाबा काहीच बोलले नाहीत,
कवच उन्हात ठेवलं, मांजरीने नेलं.

मिठाने पत्रा दोन उन्हाळ्यांत खाल्ला.
बाबा तोवर इतवारीत
एका साडीच्या दुकानात घड्या घालत होते,
बाया म्हणायच्या, हात काय मऊ आहे काकांचा.

कांडी माझ्याकडे आहे.
शेवटचे सात-आठ हात सूत
अजून ताठ, किंचित पिवळं.
श्रावणात हवा दमट झाली
की तेवढंच ओलं होतं.
वरचं सगळं कोरडं.

रेणू भंडाऱ्याहून फोन करते दर मे महिन्यात.
आधी विचारते, टाट्या बदलल्या का.
मग म्हणते, बघितलं का नीट, आत.