ड्रिल

शीजा म्हणाली, काका, ह्याला ड्रिल म्हणतात.
मी हसलो.
रबाळ्याच्या शॉपफ्लोअरवर एकतीस वर्षं
ड्रिल म्हणजे भोक पाडणारं यंत्र,
तेल, धूर, निळसर कीस.
आणि हा तर मोहरीएवढा खडा,
भोक पाडत नाही,
रिकाम्या घरात जाऊन बसतो.

गोल खडे नवशिक्यांसाठी, ती म्हणाली,
थोडं चुकलं तरी खपतं.
मी हट्टाने चौकोनी मागवले.
टॉलरन्स मला शिकवतेस?

मेण म्हणजे ही गुलाबी वडी.
पेनाचं टोक तीत खुपसलं
की खडा आपणहून चिकटतो.
ट्रे हलवायचा सुपासारखा, हलक्या हाताने,
पालथे पडलेले उताणे होतात.
कॅनव्हासवरचा कागद तळहाताएवढाच सोलायचा,
नाहीतर ऐरोलीची धूळ
चित्रात फुकट येते.
तीनशे दहा म्हणजे काळा. एवढं पाठ झालं.

कॉन्फेटी म्हणजे
जिथे शेजारच्या दोन घरांचा रंग जुळत नाही,
समोरच्या बिल्डिंगमधली वाळत घातलेली धुणी.
तिथे डोळे चुरचुरतात.

डाव्या तर्जनीचं पेर त्या ड्रिलने नेलं,
एकोणनव्वद साली, दुसऱ्या पाळीत.
उरलेल्या थोट्याने आता ओळ दाबतो, सरळ करतो.
बसला की टिक् वाजतं.

रात्री नऊला शीजा हॉस्पिटलातून येते,
चप्पल न काढता दारातूनच विचारते,
किती झालं?
दीपगृह झालं, म्हणतो. समुद्र बाकी आहे सगळा.
आणि एक खडा सोफ्याखाली गेलाय,
तो आधी शोध.