बहुधा

वरच्या मजल्यावर मेंडेल हिरे पारखतो,
खाली, जिन्यामागच्या खोलीत, मी लोकर.
दोघांची भिंगं एकाच दुकानातली.
अँटवर्पमध्ये पाऊस नसला तरी उजेड ओलाच असतो,
म्हणून दिवे दिवसाही चालू.

गोमार स्टॅपर्स मंगळवारी आला,
कोट दोन्ही हातांवर आडवा धरून,
झोपलेलं मूल आणावं तसा.
सत्तरीचा माणूस, फरशांच्या धंद्यात पैसा केलेला,
घरी तळघरात काचेची सात कपाटं,
सहा भरलेली.
'सातव्यासाठी,' म्हणाला,
आणि कालव्याकाठच्या छावणीच्या कमांडंटचं नाव घेतलं,
खालच्या आवाजात, नवस बोलावा तसं.
ते नाव मी इथे लिहीत नाही.
पुष्कळांनी पुष्कळदा लिहिलं आहे.

आधी वास.
बनावट कोटांना चहाचा वास येतो,
त्यात बुडवून म्हातारे केलेले असतात.
याला कापूर, तळघर, आणि काखेत
इतक्या वर्षांनीही न हटलेला कुणाचा तरी घाम.
कसर फक्त कॉलरखाली, तीही थोडी.
मग एक धागा उपसून ज्योतीवर धरला:
केस जळल्याचा वास, बोटांत चुरणारी राख.
लोकर. खरी.
मग सगळे दिवे मालवून जांभळा दिवा.
युद्धानंतरचे धागे त्यात निळे-पांढरे पेटतात,
त्यांना लपता येत नाही.
कोट काळाच राहिला.
काजं, खांदे, अस्तराची टीप न् टीप
अंधारात.
गोमारने श्वास सोडला.
मी आतला खिसा उलटा केला.
शिंप्याची चिठ्ठी, शाईत ते नाव, तारीख.
शाई जुनी, कापड जुनं,
आणि चिठ्ठीच्या चारी कडांनी
बावीस टाके,
काजव्यांसारखे.

'चिठ्ठी त्याची आहे,' मी म्हटलं. 'कोट त्याचा नाही.'

फोटोतला कमांडंट आडवा, पिंपासारखा.
हा कोट अरुंद छातीच्या माणसाचा.
उजवं कोपर घासून घासून आरसा झालेलं,
कफावर कार्बन पेपरची निळाई,
खांद्याला बंदुकीचा पट्टा कधी लागलाच नाही.
टेबलावरचा माणूस. कारकून.
हाताखाली याद्या:
कोण, कुठून, कितव्या डब्यात.
हे सगळे धागेदोरे मी गोमारला दाखवले.
'म्हणजे कुणीच नाही,' तो म्हणाला.

खुनी निघाला नाही म्हणून इतका खचलेला माणूस
मी आधी पाहिला नव्हता.
खोटं कशाला बोलू, पाहिला होता.
दर महिन्याला पाहते.

'बहुधा लिहा,' तो म्हणाला.
'खात्री नको. नुसतं बहुधा.
एका शब्दाचे चार हजार.'

चार हजारांत माझं गळकं छप्पर झालं असतं.
पेन मी उचललं होतं, हे सांगून टाकते.
लिहायला वाकले तेव्हा दिव्याखाली
माझ्याच स्वेटरचं उजवं कोपर
चमकलं.

लिहिलं: चिठ्ठी नंतर शिवलेली. कोट अस्सल. मालक अज्ञात.
'अज्ञात'ला कुणी काही देत नाही.

गोमारने फी मोजली, पावती घेतली,
चिठ्ठी तेवढी उसवून मागितली.
ती पाकिटात घालून, पाकीट छातीशी ठेवून
निघून गेला.
कोट माझ्या टेबलावर.

संध्याकाळी मेंडेल किटली मागायला येतो.
जिन्यावर त्याची पावलं वाजली
आणि माझ्या हातांनी, मला न विचारता,
चादर ओढली.
तो दारात थांबला, भिंग अजून कपाळावर.
'काय आहे?'
'काही नाही. खोटा निघाला.'
'मग झाकलास कशाला?'