वाळूचे प्रवासी

रात्रीचे पावणेदोन. नॉर्थॲलर्टन.
गाडीत दोनशे बारा प्रवासी, सगळे वाळूचे.
प्रत्येक सीटवर एक गोणी, वजन पंच्याहत्तर किलो.
माणूस सामानासकट एवढाच भरतो
असं कुणीतरी कुठेतरी ठरवलं आहे.
खिडकीकडच्या एका गोणीला
डेपोतल्या पोरांनी लोकरी टोपी घातली आहे.
तिकीट तिच्याकडेही नाही.

माझ्या मांडीवर लॅपटॉप, त्यात तीन रेघा,
निळी विजेची, तांबडी डिझेलची, हिरवी बॅटरीची.
पुढे ऑड्रे थर्कल. एकतीस वर्षं डिझेलवर गेली तिची.
चहाला तो वास नसला
की पाणचट लागतो म्हणते.

इथून पुढे तारा नाहीत.
पँटोग्राफ खाली येतो,
देत्या माणसाने अचानक हात आखडता घ्यावा तसा.
निळी रेघ जमिनीला टेकते.
दिवे एकदाच पापणी लववतात
आणि पोटाखालून तांबडी खाकरते.
डबाभर वाळू किंचित सावरून बसते.
"उठली म्हातारी," ऑड्रे म्हणते.

माझे बाबा मिरजेला चाकं वाजवायचे.
लांब दांड्याचा हातोडा. एका चाकाला एक ठोका, मग नुसता कान.
तीन रुंदीचे रूळ होते तेव्हा त्या यार्डात,
ब्रॉड, मीटर, आणि बुटकी नॅरो,
आणि डोळे मिटूनही त्यांना कळायचं
कुठलं चाक कुठल्या रुळाचं,
कुणाच्या पोटात तडा.
तडा गेलेलं बद्द वाजतं.
बाजारात मडकंही ते तसंच निवडायचे.
माणसंही निवडत असावेत,
पण त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

यार्मच्या आधी ऑड्रे कळ फिरवते.
तांबडी विझते.
त्रेचाळीस कमानींच्या पुलावरून,
झोपलेल्या गावाच्या कौलांवरून,
आम्ही चोरपावलांनी जातो.
नाही, चोराचंही पाऊल वाजतं.
हिरवी उतरते. एकाहत्तर. अडुसष्ट.
खाली टीज नदीच्या पाण्यात आमच्या उजळ खिडक्या
आणि त्यातल्या एकीत टोपी.

स्टॉकटनपाशी पुन्हा तांबडी, मग पुन्हा हिरवी,
मग हार्टलपूलच्या अलीकडची सायडिंग.
गाडी थांबते
आणि थांबल्याचं फक्त स्क्रीनला कळतं.
मी दार उघडते. समुद्र आत येतो,
म्हणजे त्याचा आवाज.
इथेच होता तो, इतकी वर्षं इंजिनाखाली.

कुंपणापलीकडे एक म्हातारा.
हातात कुत्र्याची साखळी. कुत्रं नाही.
न विचारता नाव सांगतो, नॉर्मन स्टेन्सबी,
आणि पोलादाच्या कारखान्यातलं खातं, जे आता नाही.
या वेळेला तो गाड्या ऐकायला येतो.
"तुम्ही कधी आलात?"
एवढंच विचारतो, जरा दुखावून,
न कळवता दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला विचारावं तसं.
मग खिडक्यांकडे बोट. "आणि ही मंडळी?"
वाळू, मी सांगते.
तो मोजत राहतो.
"आमच्या शनिवारच्या गाडीलाही एवढी नसतात."

बॅटरी एकोणचाळीस टक्के.
अहवालात रकाना आहे, आवाज.
मी लिहिते, नगण्य.
थोडा वेळ त्या शब्दाकडे बघत बसते.

मग ऑड्रेला सांगून खाली खडीवर उतरते,
पेटीतला सगळ्यात मोठा पाना घेऊन.
कामांच्या यादीत हे काम नाही.
पुढचं डावं चाक, अजून कोमट.
एक ठोका.

खणखणीत.
लांब जातं ते, रुळातून, वाळवंटाकडे, लाटांपर्यंत.

ऑड्रे खिडकीतून डोकं बाहेर काढते, काही बोलत नाही.
कुंपणापलीकडे साखळी हलायची थांबली आहे.
"पुन्हा," नॉर्मन म्हणतो.