स्पेअर ड्युटी

पोरीचा रोस्टर येतो पंचवीस तारखेला,
मोबाइलवर, टिंग करून.
आमच्या वेळी तो खडूने लिहिला जायचा
आर्वी डेपोच्या फळ्यावर,
आणि लिहिणारा हात माझा होता.

एकवीस वर्षं ड्युट्या लावल्या मी.
कुणाची साप्ताहिक सुट्टी कधी,
कुणाच्या साळ्याच्या लग्नाला किती दिवस.
त्यामुळे शलाका बोलते ते मला लगेच कळतं.
ती म्हणते स्टँडबाय, मी म्हणतो स्पेअर:
कपडे घालून, बूट पॉलिश करून
कुणीतरी न येण्याची वाट पाहत बसायचं.
ती म्हणते लेओव्हर, मी म्हणतो नाइट आउट.
आमचे ड्रायव्हर टपावर झोपायचे,
हिला हॉटेलात चार उशा मिळतात
आणि झोप तेवढीच.

पासही आहे. आईबापाला फुकट,
एसटीचा होता तसाच, फक्त एक मेख:
जागा उरली तर.
मागच्या पौषात आम्ही दोघं नागपूरला गेलो,
पिशवीत भिवापुरी तिखट आणि सरगुंडे.
काउंटरवरची मुलगी गोड बोलली,
विमान भरलं, आम्ही उरलो.
दुसऱ्या दिवशीही तेच.
परतीच्या एसटीत ही म्हणाली,
"तुमच्या पासात उभं तरी राहता येत होतं, बावा."

पण सांगायचं ते हे नाही.

काल शेजारी तिजाऱ्यांकडे हळद.
डीजे दीड वाजेपर्यंत, भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं.
शलाकाचं रिपोर्टिंग नागपूरला पाच चाळीसला,
म्हणजे गाडी अडीचला दारात.
चहा ठेवायला उठलो तर तिच्या खोलीत दिवा
आणि ती फोनवर:
"नाही, आजारी नाही. झोप झाली नाही.
हो, फटीग लिहा.
हो, तास कापले जातील, माहीत आहे."
आवाज चढवला नाही. विनवणी तर नाहीच.

पलीकडे कुणीतरी होतं.
त्या कुणालातरी मी ओळखतो.
त्याच्यापुढे एक चौकोन आत्ता रिकामा झाला
आणि त्याला पहाटेच्या आत तो भरायचा आहे.

माझ्या खिडकीशी गुलाब मेश्राम उभा होता.
दुहेरी ड्युटी करून आलेला.
"साहेब, डोये लागून राह्यले.
आजची पुसद दुसऱ्याले द्या."
स्पेअरचा माणूस मी सकाळीच
शेगावच्या जादा गाडीवर पाठवून बसलो होतो.
म्हणालो, तोंडावर पाणी मार.
मारलं त्याने, रांजणाजवळ.
मला दिसत होतं.

दारव्ह्याच्या अलीकडे गाडी कडुनिंबावर.
गेलं कुणी नाही. चौदा जणांना टाके,
त्याच्या उजव्या मनगटात सळई.
चौकशीत विचारलं, विश्रांती किती होती?
रजिस्टरात आठ तास होते.
माझ्या अक्षरात.
वेतनवाढ त्याची थांबली.

दार उघडून शलाका म्हणाली,
"माझ्या जागी स्टँडबायवाला जाईल. आता उठवतील त्याला."
मी विचारलं, "अन त्याची झोप?"
"त्याला झोपायचेच पैसे मिळतात, बाबा,"
असं म्हणाली आणि उताणी पडली,
केसांतला चाप काढायचा राहूनच गेला.

माझ्या हातात दोन कप.
बाहेर गाडी लागली, हॉर्न न देता, शहाणं पोट्टं.
"मॅडम येत नाही आज," मी सांगितलं,
आणि तिचा कप त्याला दिला.
तो स्टिअरिंगवर कोपर टेकून प्यायला लागला.
केस कपाळाला चिकटलेले, शर्टाची कॉलर ओली.

"कवा झोपला होता रे तू?"

"झोप कायची, काका," तो हसला,
"आताच पाणी मारलं ना तोंडावर."

मी ओट्यावरची बाज झटकली.