सोल्जर म्हणजे

कॅम्पातल्या बँकेबाहेर, झाडाखाली माझं टेबल.
नोव्हेंबर आला की म्हातारी पलटण रांगेत उभी राहते,
आपण जिवंत आहोत हे सही करून सांगायला.
फॉर्म कानडीत नाहीतर इंग्रजीत. मी भरून देते.
एका फॉर्मचे दहा रुपये.

माजी नाईक भरमा बिर्जे, मुक्काम बेळगुंदी,
दरवर्षी आधी खुर्ची पुसतो, मग बसतो.
यंदा म्हणाला, "नातू भरतीची तयारी करूलालाय.
विचारतोय, सोल्जर म्हंजे काय ओ आज्जा?
मी सांगितलं, शूर. बरोबर हाय न्हवं?
तुझ्याकडं ते जाडं पुस्तक हाय, बघ की गे."

बघितलं.
आणि शब्दावर बोट ठेवून गप्प बसले.
शूर नाही. वीर नाही. तलवारसुद्धा नाही त्यात.
रोमन लोकांचं एक सोन्याचं नाणं,
नावच त्याचं भरीव, पक्कं.
ते फ्रेंचांच्या तोंडात झिजत झिजत पगार झालं,
आणि जो तो पगार घेतो, तो सोल्जर.
एवढंच.

एवढंच, हे कसं सांगायचं
ज्याच्या डाव्या गुडघ्यात अजून लोखंड आहे त्याला?

सांगितलं.
आतून कुणी नंबर पुकारला, नलवत्तेळु.
त्याचा नव्हता.
"खरं हाय की," तो म्हणाला.
"पगारासाठीच गेलतो. घरात सात तोंडं.
पहिल्या मनीऑर्डरीत आईनं छपराची कौलं बदलली.
शूर बिर नंतर. ते बी दुसरे म्हणायचे."

मग चष्मा पुसत राहिला, खुर्ची पुसलेल्याच रुमालानं.
"मष्णू कंग्राळकर म्हणून होता. बाजूच्या खाटेवरचा.
अकरा तारखेला गेला.
घरी हिशोब आला, तो अकरा दिवसांचा.
बाराव्या दिवसापास्नं तो सोल्जर नव्हता म्हण,
तुझ्या पुस्तकाप्रमाणं."

मी पुस्तक मिटलं.
फॉर्मवर सातवा रकाना: संबळ.
कानडीत संबळ म्हणजे पगार,
आमच्यात तो गोंधळ्याच्या कमरेला.
त्यानं आकडा सांगितला, पैशांसकट.
मी लिहिला. पेन कागदावर जरा जास्तच वाजलं.

"नातवाला काय सांगणार?"
"हेच की. जाणाऱ्याला हिशोब म्हायती पायजे."

दहाचं नाणं टेबलावर ठेवलं, माझा पगार.
नको म्हणायला तोंड उघडलं,
तोवर तो उठून आत गेला होता, उजवा पाय आधी.

काचेतून दिसत होतं.
जिवंत आहे का ते बघायला
त्यांनी त्याचा अंगठा मशीनवर दाबून धरला.
उमटला नाही.
पुसून पुन्हा धरला. नाही.
क्लार्क काहीतरी म्हणाला, कानडीत,
आणि त्यानं तो अंगठा डोळ्यांसमोर धरून
दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला,
खोटं तर नाही ना, असं
बाजारात एखादं नाणं बघतात तसा.